पाण्याच्या बैठकीत नुसती सही करून येऊ नका

पाणी किंवा स्वच्छतेच्या समितीवर बहुतेक जणी एका निरोपाने येतात. "समितीत तुमचं नाव घातलंय, परवा बैठक आहे, या." का घातलं, किती वर्षांसाठी, काम काय, यातलं काही सांगितलेलं नसतं. माझंही तसंच झालं. पहिल्या बैठकीत दीड तास मागच्या खुर्चीवर बसले, हजेरीच्या वहीत सही केली आणि घरी आले. तीन महिन्यांनी इतिवृत्त हातात पडलं तेव्हा कळलं, की त्या दिवशी पाण्याच्या टाकीची जागा ‘सर्वानुमते’ ठरली होती. त्या सर्वांमध्ये मीही होते. टाकीचा विषय माझ्यासमोर निघालाच नव्हता, की निघाला होता आणि मला कळला नाही, हे आजही मला सांगता येणार नाही.

हा लेख अशा नव्या सदस्यांसाठी आहे. समितीवर नसलेल्या, पण जनसुनावणीत किंवा वस्तीच्या बैठकीत बोलू पाहणाऱ्या बायकांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. देश बदलला की समितीचं नाव बदलतं, कायद्याचं कलम बदलतं. निर्णयातून बाई कशी गळते, याची तऱ्हा मात्र फारशी बदलत नाही.

१. तुम्हाला कुणी उपकार म्हणून बोलावलेलं नाही

एवढं आधी मनात पक्कं करा. १९७९ साली संयुक्त राष्ट्रांनी महिलांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव संपवण्यासाठी करार केला. त्याचं कलम १४ ग्रामीण स्त्रियांबद्दल आहे आणि त्यात पाणी आणि स्वच्छतेचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. विकासाच्या योजना आखण्यात आणि राबवण्यात त्यांचा सहभाग असावा, हेही त्याच कलमात येतं. जानेवारी १९९२ मध्ये डब्लिनला पाणी आणि पर्यावरणावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथे ठरलेल्या चार तत्त्वांपैकी तिसरं असं, की पाणी पुरवणं, त्याचं व्यवस्थापन करणं आणि ते राखणं यांत स्त्रियांची भूमिका मध्यवर्ती आहे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचा ठराव मंजूर केला. शाश्वत विकासाच्या सहाव्या उद्दिष्टात स्वच्छतेच्या बाबतीत स्त्रिया आणि मुलींच्या गरजांकडे खास लक्ष द्या, असं लिहिलेलं आहे.

काही देशांनी हे आपल्या कायद्यात उतरवलं. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेनुसार निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या कोणत्याही सार्वजनिक मंडळात एकाच लिंगाचे दोन तृतीयांशांपेक्षा जास्त सदस्य असू नयेत. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्याच्या उद्देशांतच पूर्वीच्या वांशिक आणि लिंगाधारित भेदभावाचे परिणाम दूर करणं हे आहे. भारतात ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या नियमांनुसार गावच्या पाणी समितीत किमान निम्म्या स्त्रिया हव्यात.

हे सगळं बैठकीत वाचून दाखवायला जाऊ नका. पहिल्या पाच मिनिटांत लोक घड्याळाकडे बघू लागतील. तुमच्या देशाच्या नियमातलं नेमकं एक वाक्य शोधा, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि ‘तुम्हाला कशाला हवं हे?’ असं कुणी विचारलं तर तेवढंच वाचा.

२. निर्णय कुठे होतो ते शोधा

धोरण म्हटलं की राजधानीतला जाडजूड दस्तऐवज डोळ्यांसमोर येतो. तो असतोच. पण नळ कोणत्या कोपऱ्यावर बसणार, पाणी पहाटे चारला सुटणार की सकाळी सातला, जोडणी कुणाच्या नावावर मिळणार, हेही धोरणच आहे. फक्त त्याला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. जोडणीसाठी जमिनीचा किंवा घराचा कागद मागितला, की ज्यांच्या नावावर काहीच नाही अशा बायका अर्जाच्या पहिल्याच ओळीवर बाद होतात. हा नियम करताना कुणी स्त्रियांविरुद्ध काही ठरवलेलं नसतं. तरी परिणाम व्हायचा तो होतो.

म्हणून कोऱ्या कागदावर पाच प्रश्न लिहा. पाणी कुठून आणायचं हे कुणी ठरवलं? आराखडा कुणी काढला? पैसे कुणी मंजूर केले? कंत्राटदाराचं बिल कुणाच्या सहीने निघतं? बिघाड झाला तर तक्रार कुणाकडे जाते? पाचही उत्तरं मिळवायला आठवडाभर लागेल, आणि बहुधा असं दिसेल की तुमची समिती त्यांतल्या एखाद्याच ठिकाणी आहे. मग कुठे पाणी मुरतंय ते आपोआप कळतं. समितीला फक्त ‘लोकांना जागृत करण्याचं’ काम दिलेलं असेल आणि आराखडा, पैसा, सही हे सगळं दुसरीकडे असेल, तर तुमचं पहिलं काम त्या दुसऱ्या खोलीचं दार शोधण्याचं आहे.

वेळेचंही तसंच. आराखडा कागदावर असताना नळाची जागा हलवायला पेन्सिल पुरते. पाइप गाडल्यावर खोदकाम लागतं, आणि ते कुणी करत नाही. अर्थसंकल्पाचे आकडे कोणत्या महिन्यात गोळा होतात, सूचना कधीपर्यंत घेतात, हे आधीच विचारून ठेवा. मंजूर झालेल्या अंदाजपत्रकावर भाषण करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

३. मोजा

नव्या सदस्यांकडून हमखास एक चूक होते. त्या व्यथा सांगतात. "फार त्रास होतो हो" हे वाक्य खरं असतं, पण इतिवृत्तात ते उतरत नाही. आकडा उतरतो.

तेव्हा बैठकीच्या आधी सात दिवस एक वही ठेवा. दहा-बारा घरं पुरतात. घरातून भांडं घेऊन निघाल्यापासून भरलेलं भांडं परत घरात ठेवेपर्यंत किती मिनिटं गेली, रांगेसकट लिहा. दिवसात किती खेपा, भांडं किती लिटरचं, खेप कुणी केली: बाई, पुरुष, मुलगी, मुलगा. पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, कोणत्या दिवशी आलंच नाही. मोबाइलमधलं घड्याळ पुरतं, वेगळं काही लागत नाही.

आता हे आकडे कशाशी ताडून बघायचे? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ जगभरातल्या पाणीपुरवठ्याची जी मोजदाद करतात, तिच्यात सुधारित, म्हणजे बाहेरच्या घाणीपासून बांधणीनेच जपलेल्या, स्रोतावरून पाणी आणायला रांगेसह जाऊन-येऊन ३० मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर ती सेवा ‘मूलभूत’ या पायरीवरही धरत नाहीत. आपत्तीत निर्वासितांच्या छावण्यांसाठी जे स्फिअर नावाचे किमान निकष वापरतात, त्यांत माणशी दिवसाला किमान १५ लिटर, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं आणि घरापासून नळ ५०० मीटरच्या आत, असं धरलेलं आहे. छावणीतल्या निकषापेक्षाही तुमच्या वस्तीची स्थिती वाईट निघाली, तर त्या एका तुलनेपुढे फारसं बोलावं लागत नाही.

पण निकषाची पूर्तता झाली म्हणून गप्पही बसू नका. हिशेब करून बघा. पाच माणसांचं घर, माणशी १५ लिटर म्हणजे ७५ लिटर. २० लिटरच्या कॅनने चार खेपा. एका खेपेला बरोबर ३० मिनिटं लागली तर कागदावर सगळं ‘ठीक’, आणि घरातल्या कुणाचे तरी रोजचे दोन तास त्यात गेलेले. शिवाय २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन, चार वेळा. ते ‘कुणाचे तरी’ बहुतेक कुणाचे असतात, तेही मोजलेलं आहे. याच दोन संस्थांच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात १८० कोटी माणसं अशा घरांत राहतात जिथे पाणी आवारात येत नाही, आणि अशा दर १० घरांपैकी ७ घरांत पाणी आणण्याची जबाबदारी बायका-मुलींवर आहे.

पाण्याच्या गुणवत्तेचे तीन-चार आकडे पाठ असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेला जिवाणू) एकही नको. तपासणी अहवाल मागितल्यावर "पाणी चांगलं आहे" एवढंच उत्तर आलं, तर नमुना कोणत्या तारखेला आणि कुठून घेतला ते विचारा. टाकीजवळ घेतलेला नमुना शेवटच्या नळाबद्दल काही सांगत नाही.

आणि आपण सोडून इतर जणी. ‘बायकांचं म्हणणं’ अशी एकच गोष्ट नसते. नळाशेजारच्या घरातली आणि पाइपच्या शेवटच्या टोकाला राहणारी यांची अडचण वेगळी. घरमालकीण आणि भाडेकरूण यांची वेगळी. अपंग, वृद्ध, एकट्या राहणाऱ्या, दुसऱ्यांची स्वच्छतागृहं साफ करून पोट भरणाऱ्या, यांना बैठकीचं आमंत्रण सहसा जात नाही. तुम्ही त्यांच्या दारात जा. मी स्वतः हे उशिरा शिकले. आमच्या भागाचा प्रश्न मी ‘सगळ्या बायकांचा’ म्हणून मांडला होता आणि दोन गल्ल्या पलीकडच्या बाईने मला भर बैठकीत खोडून काढलं. तिचं बरोबर होतं.

४. कागद मागा

किमान चार कागद बैठकीच्या आधी हातात हवेत: या बैठकीची विषयपत्रिका, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, योजनेचं अंदाजपत्रक, आणि वर्षाचा जमाखर्च. तोंडी मागून मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर अर्ज लिहा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. सरकारी कागद बघण्याचा हक्क देणारा पहिला कायदा स्वीडनने १७६६ साली केला. आज बऱ्याच देशांत तसा कायदा आहे. भारतात तो २००५ चा आहे आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं त्यात बंधनकारक आहे.

अंदाजपत्रक पहिल्यांदा बघताना छाती दडपते. सगळं वाचू नका. दोन आकडे शोधा: बांधकामाचा एकदाच होणारा खर्च आणि देखभाल-दुरुस्तीचा दरवर्षीचा खर्च. पहिला भरभक्कम आणि दुसरा रिकामा किंवा किरकोळ असेल, तर ती योजना दोन-तीन वर्षांत बंद पडेल असं समजून चाला. पंप जळाला, वीजबिल थकलं, पंपचालकाचा पगार राहिला, की पुन्हा भांडं घेऊन लांब जाणारी तुम्हीच असता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे अंदाजपत्रकालाही लागू आहे. पाणीपट्टी किती, ती कुणाला परवडत नाही, थकली तर जोडणी तोडण्याआधी काय करतात, हेही इथेच विचारायचं.

पैशांच्या निर्णयात सामान्य लोकांना बसवता येतं का, अशी शंका कुणी काढली तर ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराचं उदाहरण द्या. तिथे १९८९ पासून वस्त्यांच्या बैठकांतून शहराच्या बजेटचा प्राधान्यक्रम ठरवायला सुरुवात झाली, आणि लोकांनी आधी मागितलेल्या गोष्टींत पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या होत्या.

‘तांत्रिक बाब आहे, तुम्हाला कळणार नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात. त्यासाठी थोडे शब्द. उद्भव म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत: विहीर, नदी, धरण. तिथून शुद्धीकरण, मग साठवण टाकी, मग वितरण म्हणजे घराघरांत जाणारे पाइप. दाब कमी म्हणजे उंचावरच्या आणि टोकाच्या घरांना करंगळीएवढी धार. शोषखड्डा सांडपाणी जमिनीत मुरवतो, सेप्टिक टँक मैला साठवून वरचं पाणी पुढे सोडते. एवढ्यावर पहिली सहा महिन्यांची गाडी चालते. न कळलेला शब्द आला की तिथल्या तिथे थांबवून विचारा. निम्म्या वेळा असं दिसतं की समोरच्यालाही तो नीट सांगता येत नाही.

५. स्वच्छतेचा विषय मागे पडू देऊ नका

पाण्यावर सगळे बोलतात. संडासाचा विषय निघाला की खोली गप्प होते, पुरुष हसतात, बायका खाली बघतात, आणि अध्यक्ष पुढचा विषय घेतात. तो पुढे ढकलू न देणं हे मी समितीतल्या बाईचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम मानते.

सुरुवात पाहणीने करा. सामुदायिक किंवा सार्वजनिक स्वच्छतागृह असेल तर दोनदा जा, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर, सोबत कुणाला तरी घेऊन. दाराला आतून कडी आहे का? आत आणि वाटेवर दिवा लागतो का? पाणी आत येतं की बादली भरून न्यावी लागते? सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, आणि तो कोण, कधी रिकामा करतं? चाकाच्या खुर्चीवरून येणारी बाई उंबरठा ओलांडू शकेल का? लहान मूल सोबत असेल तर ते कुठे उभं करायचं? रात्री कुलूप लागतं का, आणि किल्ली कुणाकडे असते? पैसे घेतात का, आणि पुरुषांकडूनही तेवढेच घेतात का?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी त्याच्यावर एक मोठी मोहीम उभी राहिलेली आहे. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र त्याच कामासाठी पैसे, यावर बोट ठेवत २०११ मध्ये ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीचा हक्क, ही मोहीम सुरू झाली. कार्यकर्त्यांनी आधी सार्वजनिक स्वच्छतागृहांची पाहणी केली, सह्या गोळा केल्या, आणि मग महापालिकेपुढे मागण्या ठेवल्या. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

संख्येचंही बघा. बाईला कपडे सांभाळून, कधी पॅड बदलून, कधी मुलाला धरून बाहेर यायला जास्त वेळ लागतो. म्हणून स्त्री-पुरुषांना सारख्याच संख्येने शौचकूप दिले की रांग कायम बायकांचीच लांब. न्यूयॉर्क शहराने २००५ मध्ये नाट्यगृहं, क्रीडागारं यांसारख्या नव्या बांधकामांसाठी एकास दोन असं प्रमाण स्त्रियांच्या बाजूने ठरवलं. स्फिअरच्या निकषांत सामुदायिक शौचालयांसाठी ते एकास तीन आहे, आणि २० माणसांमागे एक शौचालय. ‘समान’ आणि ‘पुरेसं’ या दोन शब्दांतला फरक दाखवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आणि मैला पुढे जातो कुठे, हे विचाराच. शौचालय बांधलं की फोटो निघतो. टाकी भरल्यावर ती कोण उपसणार, गाळ कुठे ओतणार, याचा फोटो कुणी काढत नाही. दोन खड्ड्यांचं शौचालय असेल तर एक भरल्यावर दुसरा वापरात घ्यायचा आणि पहिला सुमारे दोन वर्षं बंद ठेवायचा, म्हणजे आतला मैला हाताळण्याजोगा होतो. हे वापरणाऱ्या घरांना कुणी सांगितलंय का? उपसणाऱ्या माणसाला यंत्र, हातमोजे, मजुरी काय मिळते? हे प्रश्न कुणाच्याच विषयपत्रिकेवर नसतात, म्हणून तुमच्या असू द्या.

६. एकच मागणी, एक पान

माहिती हातात आली की मोह होतो सगळं एकदम मांडण्याचा. बारा मागण्यांच्या निवेदनाला ‘विचार करू’ असं उत्तर देणं सोपं असतं. एका मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

पानावर चार गोष्टी पुरतात. काय मोजलं: "सात दिवस, बारा घरं, खेपेला सरासरी इतकी मिनिटं." काय हवं: "वरच्या वस्तीसाठी पाणी सोडण्याची वेळ पहाटे चारऐवजी सकाळी सहा." कुणी करायचं: अमुक पदावरच्या व्यक्तीने, नाव नव्हे, पद. कधीपर्यंत: तारीख. खाली सह्या. पहिली मागणी मुद्दाम छोटी, बिनखर्चाची आणि महिनाभरात होण्याजोगी निवडा. ती झाली की समितीतली तुमच्याशी बोलण्याची भाषा बदलते. दिव्याच्या किंवा पाइपच्या मोठ्या मागणीला मग हात घाला.

बायका आल्याने मागण्यांचा क्रम खरंच बदलतो का? याचा चांगला पुरावा आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव कुठे होणार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरलेलं असल्याने तुलना नीट करता आली. दोन्ही राज्यांत स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं. रस्त्यांचं मात्र बंगालमध्ये वाढलं आणि राजस्थानात कमी झालं, आणि दोन्हीकडे ते तिथल्या बायकांच्या मागण्यांना धरूनच होतं. म्हणजे ‘बायकांना अमुकच हवं असतं’ हे ठोकताळे बाजूला ठेवून आपल्या वस्तीत विचारावं लागतं.

७. बैठकीच्या खोलीत

एकटीने जाऊ नका. वनव्यवस्थापनाच्या स्थानिक गटांवर अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमध्ये केलेल्या अभ्यासात कार्यकारिणीत स्त्रिया साधारण २५ ते ३३ टक्के झाल्यावर त्यांचं बोलणं आणि प्रभाव ठळक वाढलेला दिसला. दहा जणांच्या समितीत तिघी, असा साधा हिशेब धरा. जागा तेवढ्या नसतील तर निमंत्रित म्हणून कुणाला नेता येतं का ते नियमात बघा.

वेळ आणि जागा हा पहिल्याच बैठकीत काढण्याचा विषय आहे. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी, लांबच्या कार्यालयात बैठक ठेवली तर कोण येणार हे उघड आहे. बदल मागा, आणि मूल सोबत आणलं तर चालेल हे नोंदवून घ्या.

भिंतीलगत बसू नका, टेबलाशी बसा. पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोला, अगदी "मागच्या इतिवृत्तातला तिसरा मुद्दा वाचून दाखवा" एवढं तरी. पहिला शब्द लवकर निघाला की पुढचे सोपे जातात. आपला मुद्दा झाल्यावर "हे इतिवृत्तात कसं लिहिताय?" असं विचारा आणि लिहिलेलं वाक्य वाचून घ्या. विरोध असेल तर "माझा विरोध नोंदवा" हे तीन शब्द पुरतात. कोऱ्या किंवा अर्धवट लिहिलेल्या पानावर सही करायची नाही. कुणी कितीही घाईत असलं तरी.

एखाद्या सदस्येऐवजी तिचा नवरा किंवा दीर येऊन बसत असेल, तर भांडण न काढता सचिवांना एवढंच विचारा, की हजेरी कुणाची लावणार?

८. फुकट राबणं म्हणजे सहभाग नव्हे

सहभागाच्या नावाखाली बायकांच्या वाट्याला काय येतं ते डोळे उघडे ठेवून बघा. झाडलोट, घरोघर सांगत फिरणं, पाणीपट्टी गोळा करणं: बिनपगारी. पंपचालक, प्लंबर, मीटर वाचणारा, कंत्राटदार: पगारी, आणि बहुतेक पुरुष. जागतिक बँकेच्या २०१९ च्या अहवालात २८ देशांतल्या ६४ पाणीपुरवठा-स्वच्छता संस्था तपासल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांत स्त्रिया सुमारे १८ टक्के निघाल्या. डब्लिनच्या परिषदेने स्त्रियांची भूमिका मध्यवर्ती म्हटली, त्याला तेव्हा २७ वर्षं झाली होती.

म्हणून पहिल्या वर्षातच खजिनदाराची जागा किंवा सह्यांचा अधिकार मागा. पंपचालक, पाणी तपासणी, दुरुस्तीचं प्रशिक्षण निघालं की बायकांची नावं द्या, आणि प्रशिक्षणानंतर काम आणि मोबदला मिळणार का हे आधी लेखी घ्या. हापसा दुरुस्त करणं बायकांना झेपत नाही हे ऐकाल, तेव्हा उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्याचं नाव घ्या. तिथे १९९० च्या दशकात गावच्या बायका हापशाच्या मेकॅनिक झाल्या होत्या.

बैठकीला जाण्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मागायला लाजू नका. अधिकारी बैठकीला पगारी वेळेत येतात.

९. तीन महिन्यांनी वही उघडा

बीना अगरवाल यांनीच २००१ मध्ये सहभागाच्या सहा पायऱ्या सांगितल्या होत्या. साध्या शब्दांत त्या अशा: नावापुरतं सदस्यत्व, बैठकीला येऊन ऐकणं, विचारलं तर मत देणं, नेमून दिलेलं काम करणं, न विचारता मत मांडणं आणि पुढाकार घेणं, आणि शेवटी निर्णयावर खरा प्रभाव असणं. प्रत्येक बैठकीनंतर आपण कुठे होतो तो आकडा वहीत टाका. पहिल्या वर्षी दोन-तीनवरच घुटमळाल, माझं तसंच झालं.

शेजारी दुसरा रकाना करा: काय मान्य झालं, कुणी करायचं, तारीख, झालं की नाही. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी लेखी स्मरणपत्र, पोच घेऊन. दोन स्मरणपत्रांना उत्तर नाही आलं तर वरच्या कार्यालयाकडे प्रत, तिथेही नाही तर स्थानिक वार्ताहराला त्या दोन पोचांचे फोटो. आरडाओरडीपेक्षा पोचेची भीती जास्त असते.

वही शेजारणीलाही वाचता येईल अशी ठेवा. तुमची मुदत संपेल, बदली होईल, आजारपण येईल. पुढच्या सदस्येला शून्यापासून सुरू करावं लागू नये. शक्य झालं तर पुढच्या बैठकीला तिला आत्तापासूनच सोबत न्या, आणि निघण्याआधी विषयपत्रिका तिच्या हातात द्या.